लहान शहर, एक खून आणि 'लाखामागे साडेबारा'

पायवाट

मंडळी, सल्ला हवा आहे. मोठं शहर सोडून एखाद्या लहान शहरात कायमचं राहायला जायचं आमच्या घरात घाटतंय. तीन ठिकाणं मनात आहेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या गावांच्या भांडणात जाईल. लोकसंख्या आठ ते पंधरा हजारांच्या दरम्यान.

सुरक्षिततेचं बघावं म्हणून गुन्ह्यांची आकडेवारी उघडली आणि चक्रावलो. जी जागा सगळ्यांत शांत वाटली होती, तिथे खुनाचा दर लाखामागे १२.५! दुसऱ्या जागी शून्य. तिसरीकडे खून नाही, पण चोऱ्या वर्षभरात ५० टक्क्यांनी वाढलेल्या. बायको म्हणते शून्यवाल्या ठिकाणी जाऊ. आई म्हणते, कुठेही चला, पण संध्याकाळनंतर रस्त्यावर माणसं दिसली पाहिजेत. कुणाचं ऐकू?

टवाळ

आईचं. (धागा संपला, घरी जा.)

आकडेमोड

संपला नाही, बसा.

पायवाट, त्या पहिल्या गावाची लोकसंख्या आठ हजार असावी. बरोबर? कारण आठ हजारांत एक खून म्हणजेच लाखामागे १२.५. तिथे पुढच्या वर्षी खून झाला नाही तर दर शून्य, दोन झाले तर २५. मधलं काही घडूच शकत नाही. जगाची सरासरी २०२१ मध्ये लाखामागे ५.८ च्या आसपास होती. आठ हजारांच्या गावाला ती गाठायची तर वर्षाला अर्ध्याहून थोडा कमी खून करावा लागेल. म्हणजे असं गाव कुठल्याही एका वर्षी एकतर 'जगात आदर्श' असतं, नाहीतर 'जगाच्या दुप्पट भयंकर'.

आता जरा लांबचं उदाहरण, पण करून बघा. समजा दहा हजार वस्तीची शंभर गावं आहेत आणि सगळी अगदी सारखीच सुरक्षित आहेत, खरा दर सगळीकडे लाखामागे ५. तर एका वर्षात साधारण ६१ गावांत एकही खून होणार नाही. ३० गावांत एक होईल, सात-आठ गावांत दोन, आणि एखाद-दुसऱ्या गावात तीन किंवा जास्त. त्या शेवटच्या गावाचा दर लाखामागे ३० दिसेल आणि कुठल्यातरी 'सर्वांत धोकादायक शहरे' छापाच्या यादीत ते पहिलं येईल. गावात बदललं काहीच नाही. पाच वर्षांची बेरीज घेतली तरी शंभरातली आठ गावं पाचही वर्षं शून्यावर राहतील, निव्वळ नशिबाने.

म्हणून अशा याद्यांच्या दोन्ही टोकांना लहान गावंच सापडतात. गुन्ह्यांपुरतं हे नाही. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सर्वांत कमी मृत्युदर लहान ग्रामीण काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) दिसले आणि सर्वांत जास्तही लहान ग्रामीण काउंटींमध्येच. हवा-पाणी दोन्हीकडे तेच.

चोऱ्यांच्या ५० टक्क्यांबद्दल: मूळ संख्या किती आहे ते सांगा, मग बोलू.

पायवाट

१६ वरून २४. आणि हो, पहिल्या गावाची लोकसंख्या आठ हजारच.

आकडेमोड

मग सोपं आहे. ढोबळ युक्ती सांगतो: वर्षाच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं. २५ घटना असतील तर पाच इकडे, पाच तिकडे ही नेहमीची हलती पातळी. १६ आणि २४ मधला फरक नशिबानेही सहज पडतो. १६०० वरून २४०० झाल्या असत्या तर मी म्हणालो असतो की काहीतरी घडलंय. टक्केवारी दोन्हीकडे तीच, अर्थ पूर्ण वेगळा.

जुनी_खाकी

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय की प्रत्येक चोरी स्वतंत्र असते. तशी नसते. मी खात्यात बरीच वर्षं काढली. लहान ठिकाणी वर्षभराच्या चोऱ्यांतल्या निम्म्याअधिक एकाच टोळीच्या, कधी एकाच सराईताच्या असतात. तो आत गेला की आलेख पडतो, सुटून आला की चढतो. त्यामुळे लहान गावातले आकडे वर्गमूळवाल्या हिशेबापेक्षाही जास्त उड्या मारतात. १६ चे २४ झाले असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असा: वाढलेल्या आठ चोऱ्या वर्षभर विखुरलेल्या आहेत, की एकाच महिन्यात सलग झाल्यात? सलग असतील तर ते गावाचं लक्षण नाही, कुणीतरी मुक्कामाला होतं.

दुसरं, जे बाहेरच्यांना पटत नाही. गुन्हे वाढलेले दिसतात तेव्हा अनेकदा गुन्हे नव्हे, नोंदी वाढलेल्या असतात. एखादा अधिकारी येतो, तो प्रत्येक तक्रार लिहून घेतो. वर्षअखेरीस त्याच्या हद्दीत 'गुन्हेगारी वाढली'. त्याच्या आधीचा माणूस तक्रारदाराला समजूत घालून परत पाठवत होता, त्याचा कारभार कागदावर स्वच्छ.

आकडेमोड

काका, सहमत. आणि हे काही एका देशाचं दुखणं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या सरकारी तपासणीत आढळलं की लोकांनी पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच जात नव्हते, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून जास्त. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या पोलीस-नोंदीच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा, म्हणजे भरवशाच्या सरकारी आकड्यांवरचा शिक्का, काढून घेतला होता. नंतर नोंदणी सुधारली तशी हिंसक गुन्ह्यांची नोंदलेली संख्या झपाट्याने वर गेली. घरोघरी जाऊन 'तुमच्यावर गेल्या वर्षात काय प्रसंग आला' असं विचारणाऱ्या सर्वेक्षणात तशी वाढ दिसत नव्हती.

ही सर्वेक्षणं हा दुसरा डोळा. अमेरिकेत ती १९७३ पासून आहेत, इंग्लंडमध्ये १९८२ पासून. अमेरिकेत त्यातून बहुतेक वर्षी एकच गोष्ट दिसते: हिंसक घटनांपैकी निम्म्याही पोलिसांपर्यंत जात नाहीत, मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी साधारण एक तृतीयांश जातात. अडचण अशी की सर्वेक्षणाचा नमुना देशासाठी पुरेसा असतो, आठ हजारांच्या गावात त्यातली चार घरं आली तरी पुष्कळ.

मोजण्याचे नियमही ठिकाणागणिक वेगळे. एकाच घटनेत घरफोडी, मारहाण आणि खून झाला तर भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. अमेरिकेतही २०२१ पर्यंत जुन्या पद्धतीत तसंच होतं. स्वीडनमध्ये उलट, लैंगिक अत्याचाराची प्रत्येक घटना वेगळी मोजतात आणि कायद्यातली व्याख्याही विस्तृत आहे. मग लोक दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवून निष्कर्ष काढतात.

बोरूबहाद्दर

नोंदीच्या तारखेचा विषय निघालाच आहे तर मँचेस्टरजवळच्या हाइड गावाचं सांगतो. हॅरोल्ड शिपमन हा तिथला डॉक्टर. लोकांचा आवडता, घरी येऊन तपासणारा. वर्षानुवर्षं तो आपल्या रुग्णांना, बहुतेक वृद्ध स्त्रियांना, अफूजन्य औषधाचं इंजेक्शन देऊन मारत होता. १९९८ मध्ये पकडला गेला, जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी दोषी ठरला. २००२ च्या चौकशी अहवालाने बळींची संख्या २१५ धरली. त्यातले १७० हून जास्त खून इंग्लंड-वेल्सच्या २००२-०३ च्या आकडेवारीत एकदम घातले गेले, कारण गुन्हा नोंदीच्या वर्षात मोजतात. परिणामी त्या वर्षी सगळ्या देशाचा खुनांचा आलेख वर उडालेला दिसतो.

आता गंमत नाही म्हणवत, पण बघा: ज्या वर्षांत हाइडमध्ये माणसं मारली जात होती, त्या वर्षांचे तक्ते बघून पायवाट यांनी तिथे घर घेतलं असतं. आणि जेव्हा आकडा भयंकर दिसू लागला तेव्हा तो माणूस तुरुंगात होता.

पायवाट

हे वाचून बायकोने लॅपटॉप बंद केला.

टवाळ

म्हणजे शून्य दिसलं तरी घाबरायचं, साडेबारा दिसले तरी घाबरायचं नाही. छान. आकडेमोड यांच्याकडे आकडे बघायला गेलो आणि डोळे गेले.

आकडेमोड

टवाळराव, तसं नाही. खुनाचा आकडा लहान गावासाठी फेकून द्या, एवढंच म्हणतोय. मोठ्या प्रदेशासाठी तोच सर्वांत भरवशाचा, कारण प्रेत लपवणं अवघड. तिथेही एक घटना वर्ष बिघडवू शकते: नॉर्वेत एरवी वर्षाला तीसेक खून होतात, २२ जुलै २०११ च्या एका दिवसात ७७ माणसं मारली गेली. पन्नास लाखांच्या देशाचं हे, तर आठ हजारांच्या गावाचं काय घेऊन बसलात.

आणि छेद विसरू नका. भाजक म्हणून कोण धरलंय? व्हॅटिकनची लोकसंख्या हजाराच्या आत, पर्यटक वर्षाला लाखोंनी. दरडोई पाकीटमारीत तो देश जगात वरच्या नंबरात जातो, आणि पाकीट मारणाराही बाहेरचा, मारला गेलेलाही बाहेरचा. तुमच्या यादीतलं एखादं गाव पर्यटनाचं, जंक्शनचं किंवा आठवडी बाजाराचं असेल तर त्याचा 'दर' असाच फुगलेला असणार.

निशिगंधा

इतका वेळ वाचत होते. खून, चोऱ्या, पाकिटं. सगळे पुरुषी आकडे आहेत, माफ करा.

मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रपाळी करते. 'जिन्यावरून पडले' म्हणून येणाऱ्या बायका आम्हाला ओळखू येतात. पडल्यावर माणूस हात पुढे करतो, मार तळव्याला, कोपराला, गुडघ्याला बसतो. दंडाच्या आतल्या बाजूला आणि मानेवर बसत नाही. यातल्या किती जणी तक्रार करतात? लहान गावात तर प्रश्नच नाही, कारण ठाण्यातला माणूस नवऱ्याचा वर्गमित्र असतो, आणि ती ठाण्याच्या पायऱ्या चढली ही बातमी ती उतरायच्या आत घरी पोचलेली असते. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे चोराला लपायला जागा नसते असं म्हणतात. तक्रार करणारीलाही नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात ८५ हजार स्त्रिया आणि मुलींचा खून झाला. त्यातल्या ५१,१००, म्हणजे साठ टक्के, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून. रस्त्यावर संध्याकाळी माणसं दिसली पाहिजेत हे आईंचं म्हणणं मला पटतं, पण बायकांसाठी सर्वांत धोक्याची जागा रस्ता नाही.

यावर उपाय म्हणून एक सुचवते. वेल्समध्ये कार्डिफला जोनाथन शेफर्ड नावाच्या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं की जबडे शिवायला येणाऱ्यांची बरीच प्रकरणं पोलिसांना माहीतच नसतात. त्यांनी तातडीच्या विभागात नाव न विचारता फक्त एवढं टिपायला लावलं: कुठे मार बसला, किती वाजता, कशाने. ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेच्या हाती दिली. कुठल्या मद्यालयाबाहेर, कुठल्या रात्री, काचेचा ग्लास की मूठ, हे कळल्यावर गस्त हलवता आली, ग्लास बदलता आले. तशाच इतर शहरांच्या तुलनेत तिथे मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण बरंच घटलं. लहान शहरात तर एकच रुग्णालय असतं. एका वहीत सगळं येईल.

जुनी_खाकी

निशिगंधाताई, वर्गमित्राचा मुद्दा मान्य. मी स्वतः पाहिलंय, जास्त लिहीत नाही. बाहेरून बदलून आलेला अधिकारी गावाला ओळखत नाही हा त्याचा दोष समजतात. कधीकधी तोच त्याचा उपयोग असतो.

बोरूबहाद्दर

'सगळे ओळखतात' याची दुसरी बाजू. अमेरिकेत मिसुरी राज्यात स्किडमोर नावाचं गाव, तेव्हा वस्ती साडेचारशेच्या आत-बाहेर. केन रेक्स मॅकलरॉय नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं गावाला छळलं होतं. साक्षीदार धमक्यांनी गळत आणि तो सुटत असे. १० जुलै १९८१ रोजी भर दिवसा, रस्त्यावर, चाळीसहून अधिक लोकांच्या देखत कुणीतरी त्याला त्याच्याच गाडीत गोळ्या घातल्या. कुणी काही पाहिलं नाही. आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

लोक ही गोष्ट गावाच्या एकीची म्हणून सांगतात. मला ती कायदा आधी कित्येक वर्षं कसा अपयशी ठरला याची वाटते. आकड्यांच्या भाषेत: ४४० वस्तीत एक खून, दर लाखामागे २२७. आणि त्या दिवसानंतर गाव बहुधा आधीपेक्षा सुरक्षितच होतं.

चष्मिष्ट

शेवटचं वाक्य धोकादायक आहे. जमावाने न्याय केला की पुढचा नंबर कुणाचा हे जमाव ठरवतो. आधी गुंड, मग अनोळखी फेरीवाला, मग मूल पळवणारा असल्याची अफवा उठलेला कुणीही. लहान गावात अफवेला पोचायला अर्धा तास पुरतो.

तिसरा_डोळा

एवढी चर्चा कशाला? चौकाचौकात कॅमेरे लावा. आमचा याच क्षेत्रातला अनुभव आहे, कॅमेरे लागले की गुन्हे निम्म्यावर येतात. कुणाला माहिती हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

संपादक मंडळ

जाहिरात नको. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

कंदील

'निम्म्यावर' हे जरा जास्तच झालं. कॅमेऱ्यांवरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घट १३ टक्क्यांच्या आसपास. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. भांडण पेटलेला माणूस वर बघत नाही. आणि कॅमेऱ्यासमोर कुणी बसलेलं असेल, तो लगेच कळवणार असेल, तर फरक पडतो. लहान नगरपालिका कॅमेरे बसवते आणि देखभालीचा करार विसरते. अर्धे कॅमेरे आंधळे होतात, पण खांबावर असतात म्हणून कुणी विचारत नाही.

मी दिवाबत्तीच्या कामात आहे त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक गृहवसाहतींत चिठ्ठ्या टाकून काहींना मोठे दिवे दिले, काहींना नाही. दिवे मिळालेल्या ठिकाणी रात्रीचे बाहेर घडणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी घटले. पण याउलटही झालंय. त्याआधी शिकागोत गल्लीबोळांतले दिवे वाढवले आणि तिथे नोंदलेले गुन्हे वाढले. बहुधा उजेडामुळे लोकांना जास्त दिसलं आणि जास्त कळवलं गेलं, किंवा पूर्वी ओस असलेल्या गल्लीत लोक येऊ लागले. दिवा कुठे, किती उंच, झाडाच्या वर की खाली, शेजारच्या काळोखाशी त्याचा फरक किती, यावर सगळं अवलंबून. एकच भगभगीत दिवा आणि त्याच्या मागे गडद सावली असेल तर तो दिवा लपणाऱ्याच्या सोयीचा.

रिकाम्या, कचरा साठलेल्या जागांचंही बघा. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंड घेतले, काही साफ करून गवत-झाडं लावली, काही तसेच ठेवले. २०१८ च्या निष्कर्षांनुसार गरीब वस्त्यांत साफ केलेल्या भूखंडांभोवती गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. यात ना पोलीस वाढले, ना कॅमेरे.

पायवाट

थांबा थांबा, मी घर शोधतोय, नगराध्यक्षपदाला उभा नाहीये.

जुनी_खाकी

मग घर शोधणाऱ्याच्या कामाचं सांगतो. गावाचा दर विचारू नका. जागा विचारा.

अमेरिकेत मिनीॲपोलिसमध्ये १९८९ च्या अभ्यासात पोलिसांना आलेल्या निम्म्या हाका शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आल्या होत्या. पुढे इतर शहरांत रस्त्यांच्या तुकड्यांवर तसंच मोजलं. मोठ्या शहरांत निम्मे गुन्हे चार ते सहा टक्के तुकड्यांवर, आणि लहान शहरांत त्याहूनही एकवटलेले: दोन ते साडेतीन टक्क्यांवर. म्हणजे तुमच्या आठ हजारांच्या गावात दोनशे गल्ल्या असतील तर चार ते सात गल्ल्यांत अर्धं काम. बाकीच्या गल्ल्यांत राहणारा माणूस 'गावात गुन्हे वाढले' हे वाचून कुलूप बदलतो, त्याला काही अर्थ नाही.

दुसरं, ज्या घरात एकदा चोरी झाली तिथे लगेच पुन्हा होण्याची शक्यता शेजारच्यापेक्षा जास्त. चोराला आतला नकाशा कळलेला असतो, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात यावरच काम केलं. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर हेच चोरांचं आमिष होतं, ते काढले. चोरी झालेल्या घराची दारं-खिडक्या लगेच पक्क्या केल्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या. सगळ्या वसाहतीवर पहारा नव्हता, फक्त एकदा फुटलेल्या घरांवर होता.

गाडीतून फिरणाऱ्या गस्तीचा फार भरवसा धरू नका, हे मीच सांगतोय. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये वर्षभर प्रयोग झाला. काही भागांत गस्त दुप्पट-तिप्पट, काही भागांत नेहमीची, काही भागांत अजिबात नाही, फक्त कुणी बोलावलं तर जायचं. गुन्ह्यांत फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही. बहुतेकांना गस्त बंद झाल्याचं कळलंसुद्धा नाही. नुसती चक्कर मारणारी गाडी ही डिझेलची नासाडी. तोच माणूस त्या चार गल्ल्यांत, ठरावीक वेळी, पायी फिरला तर गोष्ट वेगळी. फिलाडेल्फियात २००९ मध्ये ठरावीक ठिकाणी पायी गस्त लावली तिथे हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले.

चष्मिष्ट

काका, पण आधी न्यूअर्कमध्ये पायी गस्त लावून बघितली होती १९७८-७९ ला. तिथे गुन्हे घटले नव्हते, फक्त लोकांची भीती घटली होती.

जुनी_खाकी

बरोबर. तिथे नेमक्या ठिकाणांवर रोख नव्हता, नेहमीच्या लांब बीटांवर (शिपायाला नेमून दिलेल्या हद्दीत) फिरवलं होतं. आणि 'फक्त भीती' म्हणू नका. भीती घटली की माणसं बाहेर बसतात. पायवाट यांच्या आईंना जे हवंय तेच.

निशिगंधा

भीतीवर एक. जगात खून होणाऱ्यांत पाचपैकी चार पुरुष असतात, त्यातही तरुण जास्त. रात्री बाहेर पडायला घाबरतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. याला लोक 'अवाजवी भीती' म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. जी बाई घाबरून रात्री बाहेर पडतच नाही तिच्यावर रात्री हल्ला होणार नाही, हे उघड आहे. तिने किंमत आधीच भरलेली असते, आणि ती कुठल्या तक्त्यात येत नाही.

आकडेमोड

हा मुद्दा मला गणितातही मांडता येत नाही. गुन्ह्याचा दर लोकसंख्येने भागतात, बाहेर असलेल्या माणसांच्या तासांनी नाही. रात्री नऊनंतर रस्ता रिकामा असेल तर तिथे शून्य गुन्हे ही कौतुकाची गोष्ट नाही.

कंदील

अवांतर, पण सांगायलाच हवं. जगात २०२१ मध्ये खुनात साडेचार लाखांहून जास्त माणसं गेली, रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार. लहान शहराच्या मधून महामार्ग जात असेल तर तुमच्या मुलांना खरा धोका बहुधा चोराकडून नाही, त्या महामार्गावरून आहे. घर बघायला जाल तेव्हा शाळेपर्यंत चालत जाऊन बघा. रस्ता ओलांडायची सोय कुठे आहे, वाहनं कुठे वेग घेतात. गुन्ह्यांची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात, हे विचारणारा क्वचित.

टवाळ

+१. हा धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्याने मला खरोखर भीती वाटली.

पायवाट

सगळ्यांचे आभार. तुमच्या प्रश्नांची यादी घेऊन दोन ठिकाणी जाऊन आलो, ठाण्यातही बसलो. अनुभव संमिश्र.

साडेबारावाल्या गावात अधिकाऱ्यांनी पाच वर्षांची महिनावार संख्या बसवून दाखवली. खून एकच, जमिनीच्या वादात भावाने भावाचा. त्याआधी चार वर्षं काही नाही. दुचाकी चोऱ्या जवळपास सगळ्या स्थानकाबाहेरच्या एका वाहनतळावरून. ही माहिती मला कुठल्याच तक्त्यात दिसली नव्हती.

शून्यवाल्या ठिकाणी वेगळंच. 'इथे काही घडतच नाही' एवढंच उत्तर. तक्रारवही बघायची नव्हती मला, फक्त संख्या हव्या होत्या, त्याही मिळाल्या नाहीत. बाहेर एका दुकानदाराने सांगितलं की तक्रार द्यायची तर लोक तालुक्याच्या ठिकाणी जातात.

थोडक्यात साडेबारावालं गाव पुढे आहे. घरातला वाद होता, त्यामुळे आम्हाला तसा धोका नाही असं वाटतंय.

निशिगंधा

पायवाट, निर्णय तुमचा, गाव बरं वाटतंय. पण 'घरातला वाद होता' हे वाक्य मी रोज ऐकते. खून व्हायच्या आधी त्या घरातून कितीदा आरडाओरडा ऐकू आला, कुणी कळवलं का, कळवल्यावर कुणी आलं का, हे विचारलंत? उत्तर 'हो' असेल तर ते गाव खरंच चांगलं आहे.

पायवाट

नव्हतं विचारलं. पुढच्या खेपेला विचारतो. जुनी_खाकी काका, आणखी काय विचारू?

जुनी_खाकी

रात्री दोन वाजता ठाण्यात किती माणसं असतात आणि त्यातली किती बाहेर पाठवता येतात. लहान ठाण्यात हा आकडा कधीकधी एक असतो, आणि तो एकटा ठाणं सोडून जाऊ शकत नाही. मग मदत शेजारच्या ठाण्यातून येते. ते अंतर किलोमीटरमध्ये न विचारता मिनिटांत विचारा. रुग्णवाहिकेचंही तसंच, भोसकलेला माणूस वाचतो तो बऱ्याचदा तिच्यामुळे. महिला कर्मचारी रात्रपाळीला असते का. स्थानकाबाहेरच्या त्या वाहनतळाबद्दल काय केलं, हे विचारा. 'कॅमेरे मागवलेत' म्हणाले तर कंदील यांना विचारून घ्या. 'जागा बदलली' किंवा 'रखवालदार बसवला' म्हणाले तर माणूस काम करणारा आहे.

आणि शक्यतो शनिवारी रात्री जा, मंगळवारी दुपारी नको.

कंदील

वाहनतळाच्या खांबांचे फोटो काढून आणा. दिवे झाडाच्या वर आहेत की खाली, एवढं मी सांगतो.